लेनर्ड फिंडले, ग्लासगो आणि मुडदूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉ. लेनर्ड फिंडले (१८७८–१९४७) हे स्कॉटलंडमधले बालरोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक. मुडदुसाच्या (मुलांची हाडं मऊ राहून वाकण्याच्या रोगाच्या) इतिहासात मात्र त्यांचं नाव बहुतेक वेळा एका चुकीसाठी निघतं: हा रोग व्यायाम न मिळाल्याने होतो, असं ते म्हणाले होते. ही चूक नीट समजून घेण्याजोगी आहे. त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं, कारण मात्र शेजारचं सांगितलं: खरं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि ते मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होतं. शिवाय या वादातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्या नाशिकमधून गेला होता, आणि तो इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

लेनर्ड फिंडले थोडक्यात कोण?

शिक्षण ग्लासगो विद्यापीठात, काम ग्लासगोच्या रॉयल हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेनमध्ये. १९०८ मध्ये मुडदुसाच्या कारणांवर त्यांनी प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे ते विद्यापीठात लेनर्ड गो यांच्या नावाच्या पदावर व्याख्याते झाले (नावाचा हा निव्वळ योगायोग) आणि १९२४ मध्ये सॅमसन गेमेल यांच्या नावाच्या अध्यासनावर, म्हणजे प्राध्यापकपदावर, पहिले प्राध्यापक म्हणून नेमले गेले. १९३० मध्ये ते पद सोडून लंडनला गेले आणि उरलेली कारकीर्द तिथेच झाली. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं.

नावाचा उच्चार फिंडले की फिनली?

स्कॉटलंडमध्ये या आडनावातला ‘ड’ बहुधा गिळला जातो, त्यामुळे कानावर ‘फिनली’च्या जवळचं काहीतरी पडतं. मराठीत वाचताना गोंधळ नको म्हणून इथे फिंडले लिहिलं आहे.

‘पहिले’ म्हणजे नेमके कशात पहिले?

मुलांवर उपचार करणारे ते स्कॉटलंडमधले पहिले डॉक्टर नव्हेत. एडिंबरामध्ये मुलांचं रुग्णालय १८६० मध्येच सुरू झालं होतं, आणि बालरोगांना वाहून घेतलेला स्कॉटलंडमधला पहिला डॉक्टर म्हणून बहुधा तिथल्या जॉन थॉमसन यांचं (१८५६–१९२६) नाव घेतलं जातं. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांचं त्यांनी केलेलं वर्णन आजही संदर्भासाठी काढलं जातं.

फिंडले पहिले ठरतात ते विद्यापीठातल्या पूर्ण प्राध्यापकपदामुळे. तोपर्यंत मुलांचे आजार म्हणजे मोठ्यांच्या वैद्यकाला जोडलेली शेपटी, चार-दोन व्याख्यानांत उरकण्याचा विषय. अध्यासन आल्यावर त्याला स्वतःचा प्राध्यापक मिळाला. एडिंबराला असं अध्यासन १९३१ मध्ये मिळालं आणि चार्ल्स मॅकनील तिथले पहिले प्राध्यापक झाले. म्हणजे या एका बाबतीत ग्लासगोने राजधानी एडिंबराला सात वर्षांनी मागे टाकलं.

ते काम करत ते रुग्णालय कसं होतं?

ग्लासगोचं मुलांचं रुग्णालय गार्नेटहिल भागात १८८३ च्या जानेवारीपासून रुग्ण घेऊ लागलं. १८८८ मध्ये वेस्ट ग्रॅहम स्ट्रीटवर बाह्यरुग्णांसाठी दवाखाना निघाला. मुडदुसाची मुलं खाटेवर फारशी दिसत नाहीत. ती आईच्या कडेवर बसून बाह्यरुग्ण विभागात येतात, खोकल्यासाठी नाहीतर आकडीसाठी, आणि मनगट तपासताना रोग सापडतो. म्हणून मुडदुसाचा अभ्यास करणाऱ्याला दवाखान्याची रांग अधिक उपयोगाची. १९१४ च्या जुलैमध्ये रुग्णालय यॉर्कहिलच्या टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेलं. उद्घाटन राजा पाचव्या जॉर्जने केलं.

ग्लासगोत मुडदूस इतका का होता?

तीन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या.

पहिली, जागा. ग्लासगो जवळपास ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ‘ब’ किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. सहा महिने तर असेच गेले.

दुसरी, धूर. जहाजबांधणी, लोखंडाच्या भट्ट्या आणि घरोघरी कोळशाची शेगडी. उरलेल्या सहा महिन्यांतले किरणही धुराच्या छताने अडवले.

तिसरी, घरं. कामगारवस्ती म्हणजे चार मजली दगडी चाळी. एका खोलीच्या घराला तिथले लोक ‘सिंगल एंड’ म्हणत, दोन खोल्यांच्या घराला ‘रूम अँड किचन’. पलंग भिंतीतल्या कोनाड्यात, जिना सगळ्यांचा एक. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, दोन-तीन लेकरांच्या आईला तान्ह्याला रोज खाली नेणं शक्य नसे. बाळ कोनाड्यातच वाढे.

याचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचे. लहानपणी मुडदूस झालेल्या मुलीचं कटीर (कमरेच्या हाडांचा सांगाडा) चपटं व्हायचं आणि बाळंतपणात मूल अडायचं. मर्डॉक कॅमेरन यांनी १८८८ मध्ये ग्लासगोच्या प्रसूतिगृहात सिझेरियन शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली ती अशाच एका मुडदुशी, ठेंगण्या बाईवर. त्याच शहरात विल्यम मॅकइवन वाकड्या पायांची हाडं कापून सरळ करत होते आणि १८८० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. एका शहरात एकाच रोगाने प्रसूतितज्ज्ञ, अस्थिशल्यविशारद आणि बालरोगतज्ज्ञ असे तिघे घडवले, असं म्हटलं तरी चालेल.

क्ष-किरण आणि रक्ततपासणी नसताना मुडदूस ओळखायचे कसे?

हातांनी. सहा महिने ते दोन वर्षं हे मुख्य वय. तपासणी साधारण अशी:

डोक्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याने हलकं दाबलं तर कवटी पिंगपाँगच्या चेंडूसारखी आत जाऊन परत येते. टाळू दीड वर्षानंतरही भरलेली नसते. कपाळ दोन्ही बाजूंनी पुढे येऊन डोकं चौकोनी दिसतं. बरगडी जिथे कुर्चेला (मऊ, लवचिक हाडाला) मिळते तिथे गाठी लागतात, दोन्ही बाजूंनी मण्यांच्या माळेसारख्या. छातीच्या खालच्या कडेला आडवी खाच पडते. मनगटं आणि घोटे रुंद होतात. मूल उभं राहू लागलं की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर घासतात.

यातलं वाकडे पाय हे लक्षण सगळ्यात ठळक, पण सगळ्यात उशिरा येणारं. न चालणाऱ्या बाळाचे पाय सरळ असतील म्हणून मुडदूस नाही असं समजणं ही तेव्हाची नेहमीची चूक होती, आणि आजही होते. हाडांच्या आधी कॅल्शियम घसरलं तर पहिली खूण आकडी किंवा घशात अडकल्यासारखा श्वास हीच असते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट आणि कडेला झिरमिळ्या सुटल्यासारखं दिसतं. रक्तात फॉस्फरस कमी सापडतो, हे नंतर कळलं.

फिंडले यांच्या आधी कारण काय समजत?

मुख्यतः अन्न. दुधात स्निग्धांश कमी, पिठूळ खाणं जास्त, हे रूढ मत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने मरत, तेव्हा १८८९ मध्ये ब्लँड-सटन यांनी त्यांना कुटलेली हाडं आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल द्यायला लावलं आणि छावे सुधारले. एडिंबराच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी तर या तेलावर १८४१ मध्येच ग्रंथ लिहिला होता. तेल गुणकारी आहे हे ठाऊक होतं, का ते नव्हतं.

दुसरीकडे, ब्रिटनभर डॉक्टरांकडून माहिती मागवून १८८९ मध्ये काढलेले नकाशे होते. त्यांत मुडदूस औद्योगिक शहरांत दाट आणि खेड्यांत विरळ दिसत होता. खेड्यातला शेतमजूर शहरातल्या कामगारापेक्षा चांगलं खात होता असं मुळीच नव्हतं. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम यांनी निरनिराळ्या देशांतल्या माहितीची तुलना करून सरळ लिहिलं की कारण सूर्यप्रकाशाचा अभाव आहे. पाम हे जपानात राहून आलेले मिशनरी डॉक्टर. त्यांचं म्हणणं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९०८ चा कुत्र्यांच्या पिल्लांवरचा प्रयोग काय होता?

आहार एकच ठेवायचा आणि राहणी बदलायची, हा गाभा. पिल्लांना ओटची लापशी आणि दूध. काही पिल्लं कोंडून ठेवलेली, काही मोकळी. कोंडलेल्यांना मुडदूस झाला, मोकळ्यांना झाला नाही. फिंडले यांचा निष्कर्ष: अन्न तेच असूनही रोग झाला किंवा टळला, तेव्हा कारण कोंडमारा आणि त्यातून येणारा व्यायामाचा अभाव. हा लेख १९०८ च्या जुलैमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

पुढे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक नोएल पेटन यांच्यासोबत केलेलं काम १९१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते आणखी बोलकं आहे. काही पिल्लं प्रयोगशाळेत, काही गावाकडे उघड्यावर. गावाकडच्यांना दुधातला स्निग्धांश उलट कमी मिळत होता, तरी ती निरोगी राहिली आणि प्रयोगशाळेतली मुडदुशी झाली. स्निग्धांशाच्या कमतरतेने रोग होतो म्हणणाऱ्यांना हे उत्तर जड जायला हवं होतं.

मग चूक कुठे झाली?

पिंजऱ्याचं दार उघडलं की एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात: पिल्लू पळू लागतं, आणि ते उजेडात जातं. फिंडले यांनी पहिली मोजली, दुसरी धरलीच नाही. या दोन गोष्टी सोडवायच्या तर चार गट हवे होते: उन्हात पळणारी, उन्हात बांधलेली, अंधारात पळणारी आणि अंधारात बांधलेली. तशी तुलना झाली असती तर व्यायाम हे कारण टिकतं का, हे तिथेच तपासता आलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसणं त्या काळी शक्य नव्हतं. आहार ‘समान’ होता, पण समान अपुरा. लापशी आणि दुधात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाही, आणि ओटमधलं फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. त्याच पिल्लांना रोज चमचाभर माशाचं तेल मिळालं असतं तर कोंडूनही ती सुदृढ राहिली असती, आणि फिंडले यांचा निष्कर्ष अगदी उलटा निघाला असता.

त्यांनी माणसांची पाहणी केली होती का?

हो. मार्गारेट फर्ग्युसन यांनी ग्लासगोतल्या कुटुंबांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी केली. ती १९१८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन समितीच्या विशेष अहवालमालेत २० व्या क्रमांकाने निघाली आणि तिला फिंडले यांची ऐतिहासिक प्रस्तावना आहे. मुडदूस असलेल्या आणि नसलेल्या घरांत अन्नाचा फरक ठळक दिसला नाही. फरक दिसला तो घराच्या जागेत, हवेत आणि मूल किती बाहेर नेलं जातं यात. दारोदार जाऊन, रोगी आणि निरोगी घरं शेजारी मांडून केलेली अशी तुलना तेव्हा विरळ होती. निष्कर्षापेक्षा ही पद्धत अधिक मोलाची, असं आमचं मत.

मेलनबी यांच्याशी वाद कशावरून?

एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये पिल्लं घरातच ठेवली आणि अन्न बदललं. पाव, साय काढलेलं दूध, जवसाचं तेल, यीस्ट आणि संत्र्याचा रस अशा आहारावर पिल्लांना मुडदूस झाला. जवसाच्या तेलाऐवजी कॉडचं तेल दिलं की टळला. १९१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा अन्नातल्या एका घटकाच्या अभावाचा रोग आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांना तो अधिक जोरात होतो, हेही त्यांनी टिपलं. वाढतं हाडच मऊ राहतं, तेव्हा हे जुळतंच.

आता दोन्ही प्रयोग शेजारी ठेवा. ग्लासगोने अन्न स्थिर ठेवून उजेड बदलला, लंडनने उजेड स्थिर ठेवून अन्न बदललं. दोघांनाही आपापलं उत्तर खरं मिळालं आणि दोघांनाही दुसरा चुकीचा वाटला. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे अहवाल एकाच सरकारी संस्थेने छापले.

नाशिकचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. एच. एस. हचिसन यांनी नाशिकमध्ये मुडदुसाची पाहणी केली. पटेल यांच्यासह लिहिलेला लेख १९२१ मध्ये ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि शाह यांच्यासह लिहिलेला मोठा लेख १९२२ मध्ये इंग्लंडच्या त्रैमासिकात.

आढळलं ते असं. शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांचं खाणं अगदी निकृष्ट, दूध-तूप नावालाच. पण बाई कामावर जाताना मूल बरोबर नेई, मूल दिवसभर उन्हात. त्यांच्यात मुडदूस जवळपास नव्हता. उलट गोषा पाळणाऱ्या मुसलमान घरांत आणि सधन, उच्चवर्णीय हिंदू घरांत, जिथे खाणं कितीतरी चांगलं, तिथे मुडदूस सर्रास. बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, आणि बाई एरवीही घराबाहेर फारशी नाहीच.

हा रोग तिथे तान्ह्या वयावर थांबत नव्हता. वयात येणाऱ्या मुलींना उशिराचा मुडदूस आणि वारंवार बाळंत होणाऱ्या तरुण बायकांना अस्थिमृदुता, म्हणजे हाडं मऊ पडून कंबर-मांड्या दुखणं आणि चालणं डुलतं होणं, हेही दिसलं. स्वतः ऊन न मिळालेल्या आईच्या दुधात ड जीवनसत्त्व नसतं आणि मुलाला जन्मतःच साठा कमी मिळतो. तोट्यातून तोटा.

ग्लासगोत गरिबी आणि अंधार हातात हात घालून येत, त्यामुळे त्यांतलं कोणतं कारण हे सुटत नव्हतं. नाशिकमध्ये ते सुटे झाले: अंधार श्रीमंतांकडे, ऊन गरिबांकडे. फिंडले यांच्या बाजूचा याहून चांगला पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला नसता.

वादाचा निकाल कधी लागला?

१९१९ ते १९२४ या पाचेक वर्षांत. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा केला. व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ या काळात युद्धानंतरच्या उपाशी शहरातल्या बाळांवर काळजीपूर्वक निरीक्षणं केली. कॉडच्या तेलाशिवाय नेहमीच्या आहारावरच्या बाळांना हिवाळ्यात मुडदूस झाला. तेल मिळालेल्यांना झाला नाही. उन्हाळ्यात आहार कोणताही असो, नवा मुडदूस नाही. हिवाळ्यात झालेला तेलाने, दिव्याने किंवा उन्हाने, तिन्हींनी बरा झाला. यात व्यायामाला कुठेच जागा नव्हती. बाळं पाळण्यातच होती.

१९२२ मध्ये मॅककॉलम यांनी तेल तापवून, त्यातून हवा सोडून अ जीवनसत्त्व नष्ट केलं. तरी तेल मुडदूस बरा करत राहिलं, म्हणजे घटक वेगळा. त्याला ड नाव पडलं. १९२४ मध्ये स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अन्नावर अतिनील किरण टाकले तर अन्नच मुडदूसविरोधी होतं. ऊन आणि तेल ही एकाच घराची दोन दारं निघाली.

मग फिंडले बरोबर की चूक?

व्यायामाबाबत चूक. कोंडमाऱ्याबाबत बरोबर. पुस्तकांत ‘मेलनबी जिंकले’ असं सोपं करून सांगतात, ते आम्हाला पटत नाही. माणसाला ड जीवनसत्त्व मुख्यतः त्वचेतून मिळतं, अन्नातून थोडंच. तेव्हा ग्लासगोच्या मुलांचं खरं दुखणं ते अंधारे कोनाडेच होते. मात्र उपायाच्या बाजूने मेलनबी सरस. चाळी पाडायला पन्नास वर्षं लागतात, चमचाभर तेल आज देता येतं.

मुडदुसाखेरीज त्यांचं काम कोणतं?

दोन विषय. पहिला, जन्मजात सिफिलिस. कार्ल ब्राउनिंग आणि आयव्ही मॅकेंझी यांच्यामुळे सिफिलिस ओळखणारी वासरमन रक्तचाचणी ग्लासगोत लवकर रुळली होती. फिंडले यांनी ती मुलांच्या बाबतीत वापरून रोगाचा पसारा तपासला आणि १९१९ मध्ये बालवयातल्या सिफिलिसवर पुस्तक लिहिलं. लक्षणं न दिसणारं मूलही बाधित असू शकतं हे रक्तचाचणीशिवाय कळत नव्हतं. दुसरा विषय रुमॅटिक ताप, म्हणजे घसा येऊन गेल्यावर सांधे आणि मग हृदयाच्या झडपा धरणारा आजार. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३१ चं.

तिन्ही रोगांत एक साम्य आहे: दाट वस्ती. आज या तिन्हींची पुस्तकं शेल्फवर वेगवेगळ्या खणांत सापडतील, पण त्या दवाखान्यात या रोगांची मुलं एकाच बाकावर बसलेली असत.

१९३० मध्ये ते लंडनला कुठे गेले?

पूर्व लंडनमधल्या शॅडवेल भागातल्या प्रिन्सेस एलिझाबेथ ऑफ यॉर्क मुलांच्या रुग्णालयात ते काम करत. गोदीकामगारांची वस्ती, म्हणजे रुग्ण ओळखीचेच. ग्लासगोतल्या अध्यासनावर त्यांच्या मागून जेफ्री फ्लेमिंग आले.

ग्लासगोतून मुडदूस गेला का?

गेला, आला, पुन्हा गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मुलांच्या दूधभुकटीत आणि धान्याच्या पिठात ड जीवनसत्त्व घातलं जाऊ लागलं, शिवाय कॉडचं तेल होतंच. इतकं की १९५० च्या दशकात काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक वाढलेलं सापडू लागलं, आणि १९५७ मध्ये प्रमाण कमी करण्यात आलं. पुढच्या दशकात गेव्हिन आर्नील आणि सहकाऱ्यांना ग्लासगोत पुन्हा मुडदूस दिसला.

१९६२ मध्ये डनिगन यांनी ग्लासगोतल्या पाकिस्तानी समाजातल्या उशिराच्या मुडदुसावर आणि अस्थिमृदुतेवर लेख लिहिला. वयात येणाऱ्या मुली आणि तरुण बायका, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या नाशिकच्या पाहणीतलंच चित्र, फक्त अक्षांश ५६. गडद त्वचा, अंगभर कपडे, मांस-मासे कमी आणि कणकेतलं फायटेट असं सगळं जमून आलं होतं. १९७९ पासून शहराने आशियाई कुटुंबांना ड जीवनसत्त्व मोफत वाटण्याची मोहीम घेतली आणि रुग्णालयात येणारे मुडदुसाचे रुग्ण स्पष्ट घटले.

आपल्याकडे बाळाला कोवळं ऊन दाखवतात, ते पुरत नाही का?

ऊब मिळते, ड जीवनसत्त्व फारसं नाही. सकाळी सातचं ऊन तिरकं येतं, अतिनील ‘ब’ किरण वातावरणातच शोषले जातात. ढोबळ खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते किरण पुरेसे असतात, म्हणजे साधारण दहा ते तीन. त्या उन्हात तान्ह्याला ठेवणं योग्य नाही, त्वचा भाजते. काचेच्या खिडकीआडचं ऊन तर यासाठी निरुपयोगी, कारण साधी काच हे किरण अडवते. म्हणून तान्ह्यासाठी थेंब हाच भरवशाचा मार्ग.

थेंब किती द्यायचे आणि चुका कुठे होतात?

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची शिफारस पहिल्या वर्षभर रोज ४०० एकक, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. आईचं दूध उत्तम असलं तरी त्यात हे जीवनसत्त्व अगदी कमी असतं.

नेहमीची पहिली चूक बाटलीची. काही बाटल्यांत १ मिलिलीटरमध्ये ४०० एकक असतात, काहींत ८००. दुकानदाराने दुसरी दिली की जुन्याच खुणेपर्यंत ड्रॉपर भरला जातो आणि मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. बाटली बदलली की लेबल वाचा. दुसरी चूक गंभीर: मोठ्यांसाठी आठवड्याला एक लिहून दिलेली ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी रोज घेणं किंवा मुलाला देणं. यातून कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सतत लघवी आणि मूत्रपिंडाला इजा होते.

मुडदूस झालेला असेल तर मात्रा वेगळी. २०१६ च्या जागतिक मार्गदर्शनानुसार वर्षाच्या आतल्या बाळाला रोज २,००० एकक किमान तीन महिने, आणि जोडीला अन्न व औषध मिळून रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम विसरणं ही तिसरी चूक. आपल्याकडच्या काही मुलांत ड पुरेसं आणि कॅल्शियमच अपुरं असतं, नुसत्या थेंबांनी ती बरी होत नाहीत. उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तीन महिन्यांत क्ष-किरण चित्र सुधारलं नाही तर मूत्रपिंडाचा किंवा आनुवंशिक मुडदूस शोधावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी काय करावं?

ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा: ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून थेंब. गरोदर आणि स्तनदा आईलाही लागू. घरी डाळ-भात-पोळी उत्तम असली तरी त्यात ड नाही, हे आजी-आजोबांना पटवणं हा यातला अवघड भाग.

ते जुनं रुग्णालय आज आहे का?

यॉर्कहिलचं रुग्णालय २०१५ मध्ये बंद होऊन क्लाइड नदीच्या दक्षिणेला, क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ रुग्णालयाच्या आवारात गेलं. सॅमसन गेमेल अध्यासनाच्या नावात ‘वैद्यकीय बालरोग’ होतं, ते पुढे ‘बाल आरोग्य’ झालं.